एकतीस म्हणजे किती?

(द्वितीय वर्ष, कला)

रसायनशास्त्राचा आणि माझा संबंध दहावीच्या परीक्षेबरोबर संपला, असे मी समजत होते. मराठी आणि इतिहास घेतलेल्या मुलीने वार्षिकांकासाठी शिशावर लेख लिहावा, हे संपादक मंडळालाही जरा चमत्कारिक वाटले. ‘कविता दे, नाहीतर प्रवासवर्णन दे,’ असे सुचवण्यात आले. प्रवास मी एवढाच केला आहे: आमच्या गावापासून जिल्ह्याच्या रुग्णालयापर्यंत, एसटीने, गेल्या चौदा महिन्यांत नऊ वेळा. त्याचेच हे वर्णन समजावे.

माझा पुतण्या दोन वर्षांचा होऊन गेला तरी ‘आई’, ‘मंमं’ आणि ‘नाय’ यापलीकडे बोलत नव्हता. खायला नको म्हणे, पोट धरून रडे, दोन-दोन दिवस शौचास होत नसे. मात्र भिंतीचे पोपडे आणि अंगणातली माती तो आवडीने खाई. आई दर शनिवारी त्याची दृष्ट काढी. शेजारणी सांगत, मुलगे उशिराच बोलतात, त्याचा आजाही पाच वर्षांचा होईस्तोवर मुकाच होता. गावातल्या डॉक्टरांनी रक्त तपासले. हिमोग्लोबिन आठाच्या आसपास निघाले, म्हणून लोहाचे औषध सुरू झाले. तीन बाटल्या संपल्या, पोराचा रंग होता तसाच पांढुरका राहिला. शेवटी वहिनी त्याला घेऊन जिल्ह्याच्या गावी निघाली आणि कागद वाचायला सोबत मला घेतले. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. त्यामुळे कोणताही कागद आला की तो माझ्या हाती येतो, मग ते वीजबिल असो की रक्ताचा अहवाल.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी पोट दाबून पाहिले, पापणी ओढून पाहिली आणि मग आजवर कुणीच न विचारलेला प्रश्न विचारला.

“बाळाचे वडील काय काम करतात?”

“बॅटरीच्या दुकानात आहेत,” वहिनी म्हणाली.

“नवीन विकतात, की जुन्या उघडतात?”

“उघडतात.”

बाईंचे पेन थांबले. त्यांनी चिठ्ठीवर आणखी एक तपासणी लिहिली. तिला दादाची तीन दिवसांची मजुरी गेली. आठवड्याने अहवाल आला. त्यात एका ओळीपुढे आकडा होता, ३१. दादा आठवीत शाळा सोडलेला माणूस. तो म्हणाला, “एकतीस म्हणजे पस्तीसला चार कमी. नापास झालं म्हण की.” आम्ही हसलो. त्या आकड्याचा अर्थ त्या दिवशी घरात कुणालाच, म्हणजे मलाही, कळला नव्हता.

तो मला जसा कळत गेला तसा इथे सांगते. अहवालातले एकक होते मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर. डेसिलिटर म्हणजे शंभर मिलिलिटर, आपल्या चहाच्या कपापेक्षा थोडे कमी. मायक्रोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचा दहा लाखावा भाग. अकरा किलोच्या मुलाच्या अंगात पाऊण लिटरच्या वर आणि लिटरच्या आत रक्त असते. मी गुणाकार करून पाहिला. आमच्या पोराच्या साऱ्या रक्तात मिळून पाव मिलिग्रॅमच्या आसपास शिसे होते, म्हणजे वजनाने मिठाचे चार-पाच कण. एवढ्याशा गोष्टीने पोर खंगते यावर माझा विश्वास बसेना. गणित तीनदा केले, उत्तर तेच आले.

आता एकतीस जास्त की कमी? याचे उत्तर तुम्ही कोणत्या साली विचारता यावर अवलंबून आहे, आणि हा भाग इतिहासाची विद्यार्थिनी म्हणून मला फार बोलका वाटला. अमेरिकेत १९७० साली मुलाच्या रक्तात ४० पर्यंत शिसे असले तरी चालेल असे धरत. १९७५ मध्ये ही मर्यादा ३० वर आली, १९८५ मध्ये २५, १९९१ मध्ये १०, २०१२ मध्ये ५ आणि २०२१ मध्ये साडेतीन. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ च्या आपल्या मार्गदर्शनात सांगितले की ५ किंवा अधिक आकडा आला तर शिसे कुठून येते ते शोधावे आणि ते बंद करावे. पण पाचाच्या खाली सगळे क्षेम आहे, असे मात्र संघटना म्हणत नाही. शिशाची निर्धोक अशी पातळीच सापडलेली नाही. म्हणजे आमचे पोर १९७० साली जन्मले असते तर धडधाकट ठरले असते! मुलांची शरीरे तीच होती. माणसांना कळायला वेळ लागला, एवढेच.

कळायला वेळ का लागला, याची एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. शिशाने मूल झटके येऊन बेशुद्ध पडते, प्रसंगी दगावते, हे फार पूर्वीपासून माहीत होते. ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेन शहरात लॉकहार्ट गिब्सन नावाच्या डॉक्टरांनी १९०४ सालीच दाखवून दिले होते की घरांच्या व्हरांड्याच्या कठड्यांना लावलेला रंग मुलांच्या बोटांवाटे तोंडात जातो आणि विषबाधा होते. परंतु जे मूल आजारी पडत नाही, नुसते वर्गात चुळबुळत बसते, सांगितलेले विसरते, त्याचे काय? हर्बर्ट नीडलमन या अमेरिकन डॉक्टरांनी बोस्टनजवळच्या दोन गावांतल्या पहिली-दुसरीच्या मुलांचे पडलेले दुधाचे दात गोळा केले. आपल्याकडे दात कौलांवर फेकतात, त्यांनी ते पाकिटांत मागवले. दोन हजारांहून अधिक मुलांनी दात दिले. हाडांप्रमाणे दातांतही शिसे साठून राहते, म्हणून रक्तात आज दिसत नसलेले जुने शिसेही दातात सापडते. कोणाच्या दातात किती शिसे आहे हे न सांगता त्यांनी शिक्षकांना मुलांच्या वागण्याविषयी विचारले. ज्यांच्या दातांत शिसे जास्त, ती मुले बुद्धिमापनात मागे आणि शिक्षकांच्या मते अधिक चंचल, अर्धवट काम सोडणारी निघाली. हे १९७९ साली प्रसिद्ध झाले. मी प्राथमिक शाळेत असताना शेवटच्या बाकावर जी मुले बसवली जात, ती मला हे वाचताना एकेक करून आठवली. त्यांतल्या दोघांचे वडील गॅरेजात होते. यावरून काही सिद्ध होत नाही हे मला कळते, पण आठवण यायची ती आलीच.

शिसे मुलांनाच एवढे का बाधते? एक तर मूल जमिनीवर रांगते आणि दिसेल ते तोंडात घालते. दुसरे, मोठ्या माणसाच्या पोटात गेलेल्या शिशापैकी साधारण दहावा भाग अंगी लागतो, लहान मुलात मात्र चाळीस-पन्नास टक्केही शोषले जाते. तिसरे कारण मला सर्वांत वाईट वाटले. शरीराला शिसे आणि कॅल्शियम यांतला फरक नीट कळत नाही. ज्या वाटेने दुधातले कॅल्शियम आत जाते त्याच वाटेने शिसेही जाते, हाडांत जाऊन बसते आणि मेंदूच्या पेशी एकमेकींना निरोप देतात तिथेही लुडबुड करते. अंगात लोह आणि कॅल्शियम कमी असेल तर आतडे आणखी हावरटासारखे शिसे ओढून घेते. म्हणजे ज्याच्या ताटात कमी त्याच्याच रक्तात जास्त. १९९८-९९ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत मुंबई आणि दिल्लीतल्या तीन वर्षांखालील १,०८१ मुलांच्या रक्ताचे आकडे आहेत. त्यांतल्या ७६ टक्के मुलांत शिसे ५ ते २० च्या दरम्यान होते आणि गरीब राहणीमानाच्या घरांत ते सुमारे एकतृतीयांशाने अधिक होते.

शिवाय शिसे रक्त बनण्याच्या कामातच अडथळा आणते. त्यामुळे पांडुरोग होतो आणि सूक्ष्मदर्शकाखाली तो लोहाच्या कमतरतेसारखाच दिसतो. पुष्कळदा दोन्ही एकत्र असतात. आमच्या गावच्या डॉक्टरांना मी म्हणूनच दोष देत नाही. शिसे शोधायचे तर त्याची तपासणी वेगळी मागावी लागते, साध्या रक्ततपासणीत ते दिसत नाही. आणि मागायचे तर आधी संशय यावा लागतो. अमेरिकेत गरीब घरांसाठीच्या सरकारी आरोग्य योजनेत मूल एक आणि दोन वर्षांचे झाले की ही तपासणी करावीच लागते. आपल्याकडे अशी सरसकट तपासणी नाही. २०२० साली युनिसेफ आणि प्युअर अर्थ या संस्थेच्या अहवालाने भारतात ५ च्या वर शिसे असलेली मुले सुमारे साडेसत्तावीस कोटी असावीत असा अंदाज दिला. अंदाजच तो. पण त्यांतल्या किती मुलांच्या आयांना हा आकडा माहीत असेल?

तपासणीबद्दल दोन व्यावहारिक गोष्टी. बोटाला टोचून थेंबभर रक्त घेऊन काही मिनिटांत आकडा सांगणारी लहान यंत्रे आहेत, पण बोटावर धूळ असेल तर थेंबात शिसे बाहेरूनच मिसळते आणि आकडा फुगतो. म्हणून बोटाच्या तपासणीत आकडा वाढलेला आला की शिरेतून रक्त घेऊन खात्री करतात. आमच्या पोराचे रक्त पहिल्यापासून शिरेतूनच घेतले. तो इतका किंचाळला की नर्सबाईंच्या डोळ्यांत पाणी आले; माझ्या आले नाही, कारण मी त्याचे पाय धरून बसले होते. केस किंवा नखे तपासून शिसे सांगतो म्हणणारे भेटतील, त्यावर उपचार ठरवता येत नाहीत. रक्तच पाहावे लागते. आणि तेही सांगते फक्त अलीकडच्या काही आठवड्यांचे. रक्तातले शिसे निम्मे व्हायला महिनाभर पुरतो, हाडांतले दशकानुदशके राहते आणि हळूहळू रक्तात झिरपते.

अहवाल घेऊन आम्ही पुन्हा गेलो तेव्हा वहिनीने पदरात औषधाचे पैसे बांधून आणले होते. बाईंनी लोहाचे औषध वाढवले, कॅल्शियम लिहिले आणि म्हणाल्या, “शिशावर औषध द्यायचं नाही.” घरी येईपर्यंत वहिनी बोलली नाही. आईचे मत पडले की डॉक्टर बदलावा. सुई नाही, गोळी नाही, मग एवढा तिकिटाचा खर्च कशाला? खरे सांगते, मलाही वाटले की आम्ही गरीब म्हणून टाळले.

वस्तुस्थिती अशी आहे. शिशाला कवेत घेऊन लघवीवाटे बाहेर काढणारी औषधे आहेत. त्यांतले एक दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांनी विषारी वायूवर उतारा म्हणून शोधले होते. सक्सिमर नावाचे तोंडाने घ्यायचे औषध आहे. आकडा ४५ किंवा त्याहून अधिक असेल तर ही औषधे देतात, ७० च्या पुढे तर ती जिवाची घाई समजतात आणि मुलाला लगेच दाखल करतात. तिथे या औषधांनी प्राण वाचतात. पण २० ते ४४ च्या दरम्यान काय करावे, हे पाहण्यासाठी अमेरिकेत ७८० लहान मुलांवर प्रयोग झाला. निम्म्यांना सक्सिमर, निम्म्यांना दिसायला तसेच पण औषध नसलेले काही. २००१ साली निष्कर्ष आला: औषधाने रक्तातला आकडा उतरला, पण बुद्धीच्या चाचण्यांत दोन्ही गटांत फरक पडला नाही. आमचे पोर एकतीसवाले, बरोबर त्याच पट्ट्यात. शिवाय औषध घेऊन मूल त्याच धुळीत परत गेले तर शिसे पुन्हा चढते. हे वाचल्यावर बाईंविषयी मनात आणलेले मी मनातच मागे घेतले.

म्हणजे उपचार रुग्णालयात नव्हताच, तो आमच्या घरात करायचा होता, आणि घरातले शिसे येत होते दादाच्या अंगावरून.

जुनी बॅटरी उघडली की आत शिशाच्या जाळीच्या प्लेटा असतात आणि त्यांवर शिशाच्याच संयुगांचा लेप. खराब प्लेटा खरवडून काढायच्या, शिसे वितळवून नवे जोड ओतायचे, हे दादाचे काम. त्या लेपाची तपकिरी-करडी भुकटी कपड्यांना, केसांना, चपलांना बसते. दादा संध्याकाळी आला की पोर धावत जाऊन त्याच्या पायांना मिठी मारी. मग तो त्याला खांद्यावर घेई. शर्ट खुंटीला, खुंटीखाली पोराची गोधडी. वहिनी ते कपडे पोराच्या लंगोटांबरोबर एकाच बादलीत भिजवी. आम्ही सगळ्यांनी वर्षानुवर्षे हे पाहिले होते आणि त्यात पाहण्यासारखे काही आहे असे कुणाला वाटले नव्हते.

बाईंनी इतरही पुष्कळ विचारले होते. घरात विकतचा सुरमा घालता का? काही सुरम्यांत शिशाचेच खनिज असते. दिव्यावर धरलेल्या घरच्या काजळात ते नसते. भांड्यांना कल्हई कुणाकडून? शुद्ध कथलाची कल्हई चालते, त्यात शिसे मिसळले तर नाही. हळद सुटी घेता का? पिवळा रंग खुलावा म्हणून हळदीला लेड क्रोमेट चोळणारे व्यापारी असतात. बांगलादेशात २०१९ मध्ये हे उघडकीस आल्यावर सरकारने धाडी घातल्या आणि दोन वर्षांत बाजारातली हळद स्वच्छ झाली. वैदूची भस्मे? रसशास्त्रात ‘नाग’ म्हणजे शिसे, हे मला तेव्हा कळले. आणि शेंदूर! अस्सल शेंदूर हा शिशाचाच लाल ऑक्साइड. आमच्या गल्लीच्या तोंडाशी मारुती आहे आणि पोर येता-जाता त्याच्या पायाला बोट लावून चाटते. आईला हे सांगणे सर्वांत अवघड गेले. आता ती पोराला लांबूनच हात जोडायला लावते. (आणखी एक गंमत: शिसपेन्सिलीत शिसे नसते. ते ग्राफाइट. इंग्लंडात सोळाव्या शतकात ते सापडले तेव्हा लोकांना शिशाचा प्रकार वाटला आणि नाव चिकटले. मी पेन्सिली चावत असे, म्हणून ही माहिती प्रथम शोधली.) भिंतींचे पोपडेही होतेच. आपल्याकडे घरगुती रंगांत शिसे दशलक्षात ९० भागांच्या वर असू नये असा नियम २०१७ पासून लागू आहे, पण आमचा तेली रंग आजोबांच्या वेळचा.

मग आम्ही कामाला लागलो. नाचणीची आंबील, दूध परवडेल तेवढे, पालेभाजीवर लिंबू, आणि पोराला उपाशी ठेवायचे नाही, कारण रिकाम्या पोटी शिसे जास्त शोषले जाते. जेवणाआधी हात साबणाने, नखे दर रविवारी. सुटलेल्या पोपड्यांवर मी जुने कॅलेंडर खळीने चिकटवले. महिन्याने आकडा आला २८. पेढे वाटायचेच बाकी होते. मग दिवाळी आली. वहिनीने आणि मी पोटमाळा झाडला, भिंती खरवडल्या, घरभर झाडू फिरवला, दोन दिवस घरात धुरळा. पुढचा आकडा ३४! बाईंनी विचारले, “सफाई केलीत ना? झाडून?” शिशाची धूळ झाडूने जात नाही, उडून पुन्हा बसते. ती ओल्या फडक्याने टिपावी लागते आणि फडक्याचे पाणी मोरीत ओतावे लागते. रंग खरवडायचा तर ओला करून, पोराला दुसऱ्याच्या घरी ठेवून. स्वच्छतेचा एवढा अभिमान असलेल्या वहिनीला हे ऐकून रडू कोसळले.

खरा प्रश्न दादाचा होता. कामाचे कपडे दुकानातच बदलायचे, तिथेच अंघोळ करायची, चपला दाराबाहेर, असे बाईंनी सांगितले होते. मालक म्हणाले, “तीस वर्षं मी हेच करतोय, मला काय झालं?” मालक वाईट आहेत असे नाही, लग्नाला त्यांनी उचल दिली होती. पण दुकानात नळ नाही. दादा चिडला, म्हणाला, “मला काय धाड भरलीये? मी मरेन तेव्हा मरेन, पोराचं बघा.” मी म्हणाले, काम सोड. त्यावर तो काही बोलला नाही, आणि तो का बोलला नाही हे मला माहीत होते. माझी प्रवेशाची फी, पुस्तके, गेल्या वर्षीच्या सहलीचे पैसे, सगळे त्या प्लेटांतूनच आलेले आहे. मी दुकानात काम करते म्हटले तर तो ऐकत नाही. हा लेख लिहायला मी बसले त्यामागे हेही एक कारण आहे.

शेवटी दुकानामागे दोन बादल्या आणि गोणपाटाचा आडोसा झाला. पाणी दादा आणि त्याचे सोबती हापशावरून आणतात. बादल्यांचे पैसे मालकांनी दिले नाहीत, साबणाचे देतात. पोराला मिठी आता अंघोळीनंतर. पहिले आठ दिवस ते दाराशी उभे राहून हात पसरून रडे आणि दादा लांबून त्याला हसवत बसे. त्यानंतरचे आकडे २५, २१ आणि गेल्या महिन्यातला १७. हाडांतून शिसे झिरपत राहणार, म्हणून उतार सावकाशच असतो. भूक सुधारली आहे, रंग आला आहे, चार-पाच शब्दांची वाक्ये बोलतो, मला ‘आत्या, वाच’ म्हणतो. त्याच्या वयाची शेजारची मुलगी पुष्कळ अधिक बोलते. गेले ते भरून येते का, असे मी बाईंना विचारले. त्या म्हणाल्या, रक्तातले शिसे उतरते, झालेले नुकसान औषधाने पुसता येत नाही. पण मुलाशी बोलत राहा, गोष्टी सांगा, बालवाडीत घाला, त्याने मूल पुढे जाते.

दादाच्या दुकानात आणखी चौघे आहेत, तिघांना लहान मुले. वहिनी त्यांच्या घरी जाऊन आली. एकाने हसण्यावारी नेले. दोघांच्या मुलांचे रक्त परवा घेतले, पैसे पाचही जणांनी मिळून भरले, हसणाऱ्यानेही. अहवाल येत्या मंगळवारी यायचे आहेत. वाचून सांगायचे काम माझ्याकडे आहे.